शंकरपाळ्याला किती कोपरे?

पूर्वी मुलांच्या डब्यात काय द्यायचं हा प्रश्न आईपुरता असायचा आणि त्याचं उत्तर पोळीभाजी असायचं. मूल नाक मुरडायचं, डबा अर्धा परत यायचा, आई ओरडायची आणि सगळं सुरळीत चालायचं. आता डबा अभ्यासक्रमात गेला आहे. आमची नात ज्युनिअर केजीत जाते. रविवारी रात्री, कोपऱ्यावरचं दुकान बंद झालं की शाळेचा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतो : ‘प्रिय पालक, या आठवड्यात आपण आकार शिकत आहोत. सोमवारी गोल, मंगळवारी त्रिकोणी, बुधवारी चौकोनी खाऊ द्यावा. खाऊ हेल्दी असावा.’

खरी मेख त्या शेवटच्या वाक्यात आहे. मराठी स्वयंपाकघरात भूमिती भरपूर आहे, पण ती बहुतेक तळलेली आहे. चकली, करंजी, शंकरपाळे, कडबोळी : आकार जितका देखणा तितकं तेल जास्त. उकडलेल्या पदार्थांत मोदक सोडला तर आकाराची फिकीर कुणी केलेली दिसत नाही. उपम्याला आकार नाही, पोह्यांना नाही आणि मऊ भाताला तर वाटीचाच आधार.

सोमवार निभतो. गोलाला आपल्याकडे तोटा नाही. पोळी, धिरडं, थालीपीठ, आप्पे, काहीही द्या. (थालीपिठाच्या मधल्या भोकाबद्दल शाळेने अजून विचारलेलं नाही.) मंगळवारी मात्र घरात ताण असतो. सूनबाई पोळी कातरून त्रिकोण करते आणि उरलेले कातरे माझ्या ताटात येतात. एकदा तिने ओव्हनमध्ये भाजलेले समोसे द्यायचं ठरवलं, तर आमच्या खालच्या मजल्यावरच्या निवृत्त गणितशिक्षकांनी हरकत घेतली. “समोशाला लांबी, रुंदी, उंची तिन्ही आहेत. त्याला त्रिकोण म्हणणार असाल तर उद्या इजिप्तच्या पिरॅमिडलाही म्हणा. समोसा हा चतुष्फलक आहे!” सूनबाई म्हणाली, “काका, ती चार वर्षांची आहे.” काका म्हणाले, “म्हणूनच. पाया कच्चा राहता कामा नये.” मग पायाच्या मजबुतीसाठी त्यांनी तीन चतुष्फलक खाल्ले.

बुधवारी शंकरपाळे. आता शंकरपाळ्याला चार बाजू आहेत हे खरं, पण तो चौकोन म्हणून डब्यात ठेवला की डब्याच्या कोपऱ्यात नीट बसत नाही. नातीचं म्हणणं, “हा चौकोन झोपलाय.” समभुज चौकोनाची याहून सुटसुटीत व्याख्या मी तरी ऐकलेली नाही. सूनबाईने संधी साधली.

“किती कोपरे आहेत ह्याला?”

“एक, दोन, तीन, चार.”

“शाब्बास! आता एक कोपरा खा बघू.”

नातीने अगदी टोकाचा तुकडा पुढच्या दातांनी कट्‌कन तोडला. सूनबाईने वजाबाकीचा सूर लावला. “चारातून एक गेला, राहिले…?” हा सूर सगळ्या आयांना उपजत येतो, ‘राहिले’ म्हणताना आवाज वर न्यायचा आणि उत्तर जवळजवळ स्वतःच सांगून टाकायचं. नातीने सुराकडे लक्ष दिलं नाही. तिने उरलेला शंकरपाळा बोटात फिरवला, एकेका कोपऱ्याला जीभ लावली आणि म्हणाली, “पाच.”

“नाही गं बाळा, नीट मोज.”

परत जीभ फिरली. “पाच.”

मी चष्मा लावून पाहिला. पाचच होते. चौकोनाचा एक कोपरा कापला की त्या जागी दोन तयार होतात. चारातून एक गेला आणि पाच राहिले. काकांना दाखवायला नेईपर्यंत नातीने तो पंचकोन खाऊन टाकला होता. पण या सगळ्या खटाटोपात खरा धडा कुठे दडलेला असतो ते त्या दिवशी माझ्या लक्षात आलं. मोठी माणसं खाऊमागे लपवलेल्या धड्याकडे बघत असतात. मूल मात्र खाऊकडे बघत असतं, आणि त्यामुळे पुष्कळदा त्याचंच बरोबर येतं.

आमच्या घरात या विषयावर दोन पक्ष आहेत. सूनबाई ‘खेळातून शिक्षण’ पक्षाची आहे. तिच्या बोलण्यात ‘फाइन मोटर स्किल्स’, ‘सॉर्टिंग’ आणि ‘सेन्सरी प्ले’ हे शब्द हळद-मीठ-तिखटासारखे येतात. दुसरा पक्ष आमच्या हिचा. त्या पक्षाचा जाहीरनामा तीन शब्दांचा आहे : अन्नाशी खेळू नये. हिच्या लहानपणी पानात भाताचा डोंगर करून आमटीची नदी सोडली म्हणून तिने धपाटा खाल्लेला आहे. आता तोच डोंगर, तीच नदी नात करते आणि सूनबाई त्याचा फोटो काढून ‘लँडफॉर्म्स’ म्हणून शाळेला पाठवते. हिचा जळफळाट मला समजतो. इतक्या वर्षांत धपाटा माफ झाला, पण त्याचे मार्क काही मिळाले नाहीत.

पण हिच्या पक्षातही फितुरी आहे. संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान घरातल्या लहानग्याचं बोरन्हाण करायला हीच सर्वांत पुढे. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवलेलं भांबावलेलं मूल आणि त्याच्या डोक्यावर चुरमुरे, बोरं, उसाचे कर्वे, हरभऱ्याचे घाटे, बत्तासे आणि हल्लीच्या रिवाजाप्रमाणे चॉकलेटं यांचा वर्षाव. अन्नाशी याहून जास्त काय खेळायचं? मी हे बोलून दाखवलं तर उत्तर मिळालं, “ते शास्त्र आहे.” शास्त्र असेलही, पण माझं लक्ष पाटाभोवतीच्या पोरांवर असतं. वर्षाव सुरू झाला की ती जमिनीवर तुटून पडतात. पहिली झडप चॉकलेटवर, मग बत्तासे, मग बोरं. उसाला कुणी तरी हात लावतं आणि चुरमुरे केरसुणीसाठी उरतात. पाचेक मिनिटांत वर्गीकरण, मोजणी, तुलना आणि अदलाबदल सगळं उरकतं. “दोन बोरं घे, एक चॉकलेट दे” हा व्यवहार मी स्वतः ऐकलेला आहे. पलीकडून “वेडा समजलास का?” हे उत्तरही ऐकलं आहे. त्यांना गोळा करायला सांगावं लागत नाही, मोजायला सांगावं लागत नाही. शाळेने ह्याच गोष्टीची वर्कशीट केली असती तर निम्मी पोरं पोट दुखतंय म्हणून बसली असती.

खाऊ दाखवून शिकवायची युक्ती नवी आहे असंही नाही. दोन हजार वर्षांपूर्वी होरेस या रोमन कवीने एका उपहासकवितेत जाता जाता लिहून ठेवलंय की, मुलांनी मुळाक्षरं शिकावीत म्हणून लाडीगोडी लावणारे गुरुजी त्यांना छोटे केक देतात. म्हणजे लाच इतकी जुनी आहे. अठराव्या शतकात जर्मनीतल्या बाझेडोव्ह नावाच्या शिक्षणसुधारकाने आल्याच्या बिस्किटांची अक्षरं करून मुलांना ती वाचायला आणि मग खायला द्यावीत असं सुचवलं होतं. वाचलेलं पचवणं म्हणतात ते हेच. आमची नात पारले-जी समोर धरून त्यावरची अक्षरं बोटाने गिरवते ती याच परंपरेत. फक्त ती वाचनाच्या आधी दुधात बुडवते, त्यामुळे मजकूर शेवटपर्यंत हाती लागत नाही.

‘किंडरगार्टन’ या शब्दाचा जनक फ्रेडरिक फ्रोबेल. त्याने १८३७ मध्ये जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी जे काम सुरू केलं, त्यातून पुढे जगभरच्या बालवाड्या उगवल्या. त्याच्या पद्धतीत एक हस्तव्यवसाय होता वाटाण्यांचा. सुके वाटाणे भिजवून मऊ करायचे आणि त्यांत बारीक काड्या खोचून चौकटी, घरं, खुर्च्या उभ्या करायच्या. पुढे १८९९ मध्ये अमेरिकेत चार वर्षांच्या एका मुलापुढे बालवर्गात असेच वाटाणे आणि दात कोरायच्या काड्या आल्या. त्याची नजर फार अधू होती. बाकीच्या मुलांनी घरं पाहिलेली, म्हणून त्यांनी चौकोनी घरं केली. ह्याला घराच्या भिंती धड दिसतच नव्हत्या, म्हणून तो हाताला जे पक्कं लागेल तेच जोडत गेला. चौकोन दाबला की डुगडुगायचा, त्रिकोण घट्ट राहायचा. त्याने त्रिकोणांचाच सांगाडा केला. हा मुलगा म्हणजे बकमिन्स्टर फुलर. त्रिकोणांच्या जाळीने उभारलेले त्याचे घुमट पुढे जगप्रसिद्ध झाले. १९६७ च्या माँट्रिऑलच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकेचं दालन अशाच एका अवाढव्य घुमटात होतं. ही हकीकत मी घरात सांगितली तेव्हा सूनबाई लगेच वाटाणे भिजत घालायला उठली. सकाळी हिने त्यांची उसळ केली. एका घुमटाला देश मुकला, पण उसळ चांगली झाली होती.

आमच्याकडचं मोजणीचं मुख्य साधन म्हणजे बॉबी. त्या पिवळ्या, पोकळ, कुरकुरीत नळ्या. आरोग्याच्या दृष्टीने त्यांचं समर्थन कुणीच करू शकणार नाही, पण एकास एक संगती शिकवायला याहून चोख साधन शिक्षणशास्त्राला अजून सापडलेलं नाही. एका बोटाला एक बॉबी. पहिला हात भराभर भरतो. दुसऱ्या हातावर चढवताना पहिल्या हाताची बोटं पिवळी टोपडी घालून बसलेली असल्यामुळे नीट पकड येत नाही. तिथे तिसरा हात लागतो, तो आजोबांचा. दहा पूर्ण झाली की नात दोन्ही पंजे पसरून घरभर मिरवते. मग सूनबाईची वजाबाकी.

“दहातून तीन खाल्ल्या, राहिल्या किती?”

“अजून दे.”

“तसं नाही, किती राहिल्या?”

“थोड्याच.”

ही उत्तरं चूक आहेत असं मला म्हणवत नाही. महिनाअखेरीला पगाराबद्दल मीही आयुष्यभर हेच बोलत आलो.

वर्गीकरणाचीही हीच तऱ्हा. सूनबाईने चार वाट्या मांडल्या आणि एका ताटात चुरमुरे, मनुका, शंकरपाळे आणि बॉबी मिसळून दिले. (शेंगदाणे, फुटाणे आणि पॉपकॉर्न यादीतून गळाले, आणि गळालेच पाहिजेत. चारेक वर्षांपर्यंतच्या मुलांना ते अख्खे देऊ नयेत असं बालरोगतज्ज्ञ बजावतात, कारण श्वासनलिकेत अडकतात. द्राक्षंसुद्धा उभी चिरूनच द्यावीत. शिवाय या वयात दाण्यांचा एक मार्ग नाकातून जातो. त्या वाटेवर कोणतंही शिक्षण नाही, थेट डॉक्टरच आहेत.) तर, चार वाट्या, चार पदार्थ. नातीने दोनच वाट्या घेतल्या. एकीत शंकरपाळे आणि बॉबी, दुसरीत चुरमुरे आणि मनुका. सूनबाई म्हणाली, “अगं, वेगवेगळं कर ना.” नात म्हणाली, “केलं. हे माझं, हे आजोबांचं.” निकष स्पष्ट, गटवारी बिनचूक आणि एकही वस्तू दोन्ही गटांत नाही. कोणत्या तर्कशास्त्राने तिला नापास करायचं?

मुलांच्या मोजणीबद्दल विद्वानांत एक जुना वाद आहे आणि त्यात चक्क खाऊने साक्ष दिली. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की, लहान मुलांना संख्येपेक्षा रांगेची लांबी मोठी वाटते. सारख्याच मण्यांच्या दोन ओळी मांडा आणि एक पसरून लांब करा. मूल म्हणणार, लांब ओळीत जास्त आहेत. १९६७ मध्ये जाक मेलर आणि टॉमस बेव्हर या दोघांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग छापला. आखूड ओळीत सहा, लांब ओळीत चार. मातीच्या गोळ्या ठेवून ‘कुठे जास्त?’ विचारलं तेव्हा बरीच मुलं चुकली. मग गोळ्यांच्या जागी एम अँड एमची रंगीत चॉकलेटं ठेवली आणि सांगितलं, कोणती ओळ खायची ती घे. बहुतेकांनी मुकाट्याने सहाची ओळ उचलली. अडीच-तीन वर्षांचीसुद्धा. त्यानंतर विद्वानांनी या प्रयोगावर आणखी पुष्कळ वाद घातले, ते त्यांचं कामच आहे. मला पटलं ते एवढंच की, ‘जास्त कुठे आहे?’ हा प्रश्न परीक्षकाचा असतो आणि ‘कोणतं घेतेस?’ हा प्रश्न मुलाचा असतो. पहिल्यात फक्त मार्क जातात, दुसऱ्यात चॉकलेटं जातात.

म्हणूनच खरं गणित वाटणीत असतं. उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या लेकीचा मुलगा येतो, नातीपेक्षा दोन वर्षांनी मोठा. दोघांत चिक्कीची एक वडी दिली की घराचं कुरुक्षेत्र होतं. यावर हिचा जुना तोडगा आहे : एकाने तोडायची, दुसऱ्याने आधी उचलायची. अर्थशास्त्राच्या पुस्तकांतही न्याय्य वाटपाची ही पद्धत सापडते, पण ही अर्थशास्त्रापर्यंत न पोचता तिथे पोचली. नातू वडी मोडताना असा काही एकाग्र होतो की, इस्रोत अग्निबाण सोडणाऱ्यांनी बघावं. दोन्ही तुकडे शेजारी ठेवतो, डोळा मिटून बघतो, कुठे कणभर जास्त असेल तर तेवढा कण खाऊन हिशोब जुळवतो. मग नात निवड करते. ती आधी दोन्ही तुकडे हातात घेऊन वजन बघते, मग उंची बघते आणि शेवटी दोन्ही चाटते. “शी! उष्टं केलंस!” म्हणून नातू मागे सरतो आणि दोन्ही तुकडे एकाच पक्षाकडे जातात. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ही शक्यता विचारात घेतलेली नसावी.

संयमाचीही परीक्षा खाऊनेच घेतली गेली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल यांनी साधारण चार वर्षांच्या मुलांपुढे मार्शमेलोसारखी मिठाई ठेवली : आत्ता हवी तर एक घे, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. थांबणारी मुलं पुढे आयुष्यात जास्त यशस्वी होतात असा त्यातून बराच बोलबाला झाला. २०१८ मध्ये जास्त मुलांवर हा अभ्यास पुन्हा झाला, तेव्हा तो संबंध फारच फिका निघाला आणि मुलाच्या घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर तर आणखीच. हे मला आधीच कळायला हवं होतं, कारण आपल्याकडे ही परीक्षा दर गणेश चतुर्थीला होते. समोर वाफाळते उकडीचे मोदक, त्यांवर तुपाची धार, आणि एकामागून एक आरत्या. त्यात कुणा काकांना नेमकी लांबलेली आरती पाठ असते. मराठी मुलं पिढ्यान्‌पिढ्या या परीक्षेत उत्तीर्ण होत आली आहेत. सगळी यशस्वी झाली असती तर चाळीत कोण राहिलं असतं?

एक गोष्ट मात्र चेष्टेत घालवण्यासारखी नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि पुढे अनुताई वाघांच्या सोबतीने कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये ते काम नेलं. माँटेसोरीची विकतची साधनं तिथे परवडणारी नव्हती. त्यांनी बिया, खडे, शिंपले, काड्या, पानं घेतली आणि त्यांवर मोजणी, रंग, आकार सगळं शिकवलं. भरल्या पोटाच्या मुलीपुढे शंकरपाळे मांडून ‘किती?’ विचारणं हा खेळ आहे. उपाशी मुलापुढे मांडून विचारणं हा छळ आहे. १९७५ पासून देशभर अंगणवाड्या आल्या. त्यांच्या कामात शाळापूर्व शिक्षणाबरोबर पूरक आहारही आहे, हे ज्यांनी ठरवलं त्यांना मुलं चांगली कळत असणार. आधी खाऊ दे, मग विचार. सूनबाईला मी हे सांगितलं आणि तिने ते मनावर घेतलं. आता ती प्रश्न खाऊन झाल्यावर विचारते. तेव्हा उत्तर द्यायला नात जागेवर नसते, पण पद्धत मानवी आहे.

तर नात या वर्षभरात खाऊतून काय शिकली? शाळेच्या प्रगतिपुस्तकात लिहिलंय : आकार ओळखते, दहापर्यंत मोजते, तुलना करते. हे खरं असेल. घरच्या नोंदीप्रमाणे ती अपूर्णांकही शिकली आहे, जे शाळेत यायला अजून काही इयत्ता आहेत. अख्खा लाडू मागितला की नकार मिळतो, पण अर्धा मागितला की आजीला नाही म्हणवत नाही, हा शोध तिने बेसनाच्या लाडवांवर लावला. सकाळी अर्धा. दुपारी अर्धा. संध्याकाळी “आजी, अगदी अर्धा.” सूनबाई मैत्रिणीला फोनवर सांगते, “गोड फार खात नाही गं, जेमतेम अर्धा लाडू.” मला मधुमेह असल्यामुळे मला अर्धाही मिळत नाही. पण नात उदार आहे. चौथा अर्धा ती माझ्या नावाने मागत नाही, स्वतःच्याच नावाने मागते आणि गॅलरीत आणून माझ्या हातावर ठेवते. काल आम्ही दोघं तिथे असताना ही डबा घेऊन आली.

“अहो, परवा वीस केले होते. आपण सगळे मिळून रोज एक-दोन अर्धे खातोय म्हणता. मग डब्यात अकरा कसे?”

मी नातीकडे पाहिलं. तिने बोटं काढली, मन लावून मोजलं आणि आजीला सांगितलं, “आजी, दोन अर्धे खाल्ले की एक जातो. तू शाळेत नाही गेलीस?”

ही म्हणाली, “गेले होते. म्हणून तर विचारतेय, चौथा अर्धा कोण खातो?”